माप कोणते, हे आधी विचारा

'डेटा स्टोरेज' हा शब्द निघाला की आपले व्यापारी बांधव हात झटकतात. म्हणतात, हे बंगळूरच्या आणि अमेरिकेच्या पोरांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध? आपण सूत घेतो, कापड विणून घेतो, विकतो आणि उधारी वसूल करत फिरतो. कालपरवापर्यंत आम्हीही असेच म्हणत होतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. वडिलांच्या वेळी दुकानाचा सगळा हिसाब लाल कापडाच्या वहीत उर्दूत लिहिला जाई आणि ती वही रात्री गादीखाली ठेवली जाई. हीच आमची साठवण होती, आणि तिला विजेची गरज नव्हती.

आता ती वही राहिलेली नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, बिले संगणकावर गेली, मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल आले. कायदा म्हणतो की वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिसाबाची कागदपत्रे जपून ठेवा. म्हणजे माहिती साठवणे हा आता आपल्या धंद्याचा भाग झाला आहे. आपण तो निवडला नाही, तो आपल्यावर आला आहे. मग ज्या बाजारात ही साठवण विकली जाते, तिथले व्यापारी कसे वागतात, माप कसे धरतात, वायदा काय करतात, हे समजून घेणे आपल्याला भाग आहे. म्हणून या वेळी आम्ही सूत-कापड बाजूला ठेवून एका अमेरिकन कंपनीविषयी लिहीत आहोत. आमच्या मते तिच्या गोष्टीत आपल्या कामाचे पुष्कळ आहे.

आमचाच एक अनुभव

आधी आमची चूक सांगतो. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्या दुकानातला संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. आतून टक-टक असा आवाज येत होता. ज्या इसमाकडून तो घेतला होता त्याने सांगितले की हार्ड डिस्क गेली. आम्ही म्हटले, हरकत नाही, तुम्हीच तर सांगितले होते की दुसरी प्रत रोज आपोआप तयार होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ती प्रत 'डी' मध्ये होती. 'सी' आणि 'डी' ही एकाच डिस्कची दोन नावे आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले. एका गोदामात दोन कुलपे लावून आम्ही समजत होतो की आपली दोन गोदामे आहेत.

दीड वर्षाची उधारी गेली. कागदी चलने गोळा केली, पार्ट्यांना फोन केले, मुलगा आणि मुनीम रात्र-रात्र बसले. काही पार्ट्यांनी रक्कम कमी सांगितली, काहींनी फोनच उचलला नाही. पण तालुक्याच्या गावातला एक म्हातारा शिंपी, ज्याचे नावही आमच्या लक्षात नव्हते, तो एस.टी.ने आला आणि पिशवीतून एक छोटी वही काढून म्हणाला, "शेठ, तुमच्या वहीत नसेल, पण माझ्या वहीत आहे. चौदा हजार दोनशे." आम्ही त्याला चहा पाजला आणि त्याच्या वहीकडे बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या सगळ्या हिसाबाची एकमेव खरी दुसरी प्रत त्याच्या पिशवीत होती.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाची चौकशी सुरू केली.

साठवणीचे मूळ मागावर आहे

विणकर बांधवांना हे ऐकून नवल वाटेल की माहिती यंत्राला समजेल अशी साठवून ठेवण्याचे काम मागावर फार पूर्वीच झाले होते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे बसवली. छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तर खाली राही. नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून कार्डात आली. आजही आपल्या भागातल्या ज्या मागांवर जॅकार्ड आहे, तिथे कार्डांची ती माळ फिरताना दिसते. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथने छिद्रांच्या कार्डांवर माणसांची मोजणी केली. त्याचा धंदा ज्या कंपनीत मिसळला तिचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. त्याच आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज मोबाइलवरून पाठवलेला एखादा फोटोसुद्धा तेवढी जागा घेतो.

त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ साठवण म्हणजे फिरती तबकडी हेच समीकरण राहिले. मोठ्या बँका आणि कारखाने ज्या डिस्क वापरत त्या मिनिटाला १५,००० फेऱ्यांपर्यंत फिरत. पण हवी ती नोंद शोधायची तर एक छोटा दांडा तबकडीवर इकडून तिकडे सरकवावा लागे, आणि तबकडी फिरून ती जागा दांड्याखाली येईपर्यंत थांबावे लागे. त्यामुळे चांगल्यातली चांगली डिस्कसुद्धा सेकंदाला साधारण दोनशेच कामे करू शके. बँकेला वीस हजार कामे हवी असतील तर शंभर डिस्क घ्याव्या लागत. जागेची गरज नसली तरी वेगासाठी घ्याव्या लागत, आणि प्रत्येक डिस्कचा बराच भाग मुद्दाम रिकामा ठेवला जाई. गिऱ्हाईक रिकाम्या जागेचे पैसे देत होते आणि विकणारा खुशीत होता.

फ्लॅश म्हणजे काय, आणि तो कोणाचा हुन्नर

फ्लॅश ही चिप आहे. तिच्यात फिरणारे काही नाही. सूक्ष्म खणांत विजेचा भार अडकवून ठेवायचा आणि भार किती आहे यावरून अक्षर ओळखायचे, एवढेच तिचे काम. वीज गेली तरी भार टिकतो. पेन ड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात हीच चिप आहे. दांडा सरकवायचा नसल्यामुळे नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सापडते.

तिचे दोन दोष आहेत. पहिला असा की लिहिलेल्या जागी थेट दुसरे लिहिता येत नाही. आधी मोठा तुकडा एकदम पुसावा लागतो. आपल्या भाषेत, एक बुटी बदलायची तर अख्खे थान उसवावे लागते. दुसरा दोष असा की प्रत्येक पुसण्याने खण थोडा झिजतो. महाग चिप लाखभर वेळा पुसणे सहन करते, स्वस्त चिप काही हजार वेळा. म्हणून फ्लॅश वेगवान असूनही मोठ्या हिसाबाच्या कामात कोणी तिच्यावर भरवसा ठेवत नव्हते, आणि ठेवला तर किंमत परवडत नव्हती.

ही चिप जपानच्या तोशिबा कंपनीतले इंजिनियर फुजिओ मासुओका यांनी काढली. १९८४ मध्ये एक प्रकार आणि १९८७ मध्ये दुसरा प्रकार त्यांनी जगापुढे मांडला. या दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे नँड फ्लॅशवर, आज सगळा धंदा चालतो. कारागीर बांधवांनी पुढचे लक्षात ठेवावे. त्या शोधावर जगात प्रचंड व्यापार उभा राहिला, पण शोध लावणाऱ्याला आपला वाटा मागण्यासाठी २००४ मध्ये आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावे लागले. मागणी १०० कोटी येनची होती. २००६ मध्ये तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाख येनवर. नक्षी ज्याच्या हाताची असते, नफा नेहमी त्याच्याच हातात पडतो असे नाही. ही रीत फक्त आपल्याकडची नाही.

दुसऱ्याचे सूत, आपले विणकाम

आता मूळ कंपनीकडे येतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी जॉन कोलग्रोव्ह आणि जॉन हेज या दोघांनी ती सुरू केली. कोलग्रोव्ह यांनी त्याआधी व्हेरिटास या साठवणीच्या सॉफ्टवेअर कंपनीत सुरुवातीपासून काम केले होते. कंपनीचे पहिले नाव ओएस ७६ होते. पुढे ती प्युअर स्टोरेज या नावाने प्रसिद्ध झाली आणि २०१२ मध्ये तिचा पहिला माल बाजारात आला.

हा माल म्हणजे बँका, इस्पितळे, कारखाने यांच्या कामासाठी केवळ फ्लॅश भरलेली पेटी. पण फ्लॅशची पेटी बनवणारे ते काही पहिले नव्हते. व्हायोलिन मेमरी नावाची कंपनी २००५ पासून या कामात होती. तिचा वेग नावाजलेला होता. सप्टेंबर २०१३ मध्ये ती ९ डॉलरला एक शेअर या भावाने बाजारात उतरली, पहिल्याच दिवशी भाव घसरला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकाच काळात, एकाच मालात, एक बुडाली आणि दुसरी तरली. याचे कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते.

व्हायोलिनने खास, महाग बनावटीच्या यंत्रावर आणि वेगावर भर दिला. प्युअरने बाजारात मिळणारा, सामान्य गिऱ्हाइकासाठी बनलेला स्वस्त फ्लॅश घेतला आणि त्याचे दोष आपल्या सॉफ्टवेअरने झाकले. लिहिण्याचे काम सगळ्या चिपांवर सारखे वाटून दिले, म्हणजे एकच खण झिजू नये. चिप गेली तरी माहिती जाऊ नये अशी जोडणी केली. २०१७ पर्यंत हिंमत वाढली, तेव्हा तयार डिस्क घेण्याऐवजी कच्ची चिप घेऊन स्वतःचे फ्लॅशचे तुकडे बनवायला सुरुवात केली. चिपचा कारखाना मात्र त्यांनी काढला नाही. तो धंदा सॅमसंग, किओक्शिया, मायक्रॉन अशा कंपन्यांचा. आपल्याकडे जसा विणकर गिरणी काढत नाही, चांगले सूत पारखून घेतो आणि विणकामात नाव कमावतो, तसे हे आहे. आणि सुताच्या भावाचा धोकाही तसाच आहे. २०१७ मध्ये चिपचा तुटवडा पडला तेव्हा पेटीवाल्यांची तीच अवस्था झाली जी सूत चढल्यावर आपली होते.

भाव कसा उतरला

फ्लॅश डिस्कपेक्षा कितीतरी महाग होता. तो डिस्कच्या भावाजवळ आणण्यासाठी त्यांनी एक जुनी अक्कल वापरली. समजा, आम्ही एका लुंगीची एकच नक्षी चाळीस मागांवर दिली. आम्ही चाळीस नकाशे काढत नाही. एक नकाशा ठेवतो आणि चाळीस चिठ्ठ्यांवर त्याचा नंबर लिहितो. मोठ्या कचेरीत हजार संगणक असतात आणि त्यांत एकच फाइल हजार वेळा पडलेली असते. ही पेटी ती एकदाच ठेवते आणि बाकी ठिकाणी फक्त खूण करते. मग जे उरले त्यालाही दाबून लहान करते, जसे 'हीच बुटी पुढे शंभर वेळा' एवढे लिहिले की शंभर बुट्या काढायची गरज नाही. माहिती कमी झाल्यावर चिप कमी लागली, चिप कमी लागल्यावर भाव उतरला. पुसणेही कमी झाले, म्हणून आयुष्य वाढले.

हे सगळे चांगले. पण इथेच मापाचा प्रश्न येतो, आणि कापडवाल्याचे कान इथेच उभे राहतात.

तीन मापे

या धंद्यात पेटीची तीन मापे असतात. पहिले कच्चे माप, म्हणजे आत किती चिप भरली आहे. दुसरे वापराचे माप, म्हणजे सुरक्षिततेसाठी राखलेली जागा वजा करून काय उरते. तिसरे परिणामी माप, म्हणजे दाबून, दुबार काढून, शेवटी तुमची किती माहिती मावेल याचा अंदाज. उदाहरण म्हणून धरा की कच्चे माप १० आहे. राखीव जागा गेल्यावर ७ उरते. पाचास एक दाबले जाईल असे धरले तर परिणामी माप ३५ होते. आता जाहिरातीत १० लिहायचे, ७ लिहायचे की ३५?

जाहिरातीत ३५ लिहिणे खोटे नाही. पण ते तुमच्या मालावर अवलंबून आहे. तुमच्याकडे हिसाबाच्या नोंदी असतील तर माहिती छान दाबली जाते. तुमच्याकडे फोटो, व्हिडिओ किंवा आधीच कुलूपबंद केलेल्या गुप्त फाइली असतील तर ती जवळजवळ दाबलीच जात नाही, आणि ३५ चे माप खाली येऊन ७ च्या जवळ थांबते. हे ताणून मोजलेले कापड आहे. गजाला लावताना बरोबर भरते, एकदा धुतले की किती राहते ते विचारा.

आपल्या बाजारात हे प्रकार आपण रोज पाहतो. खळ देऊन वजन वाढवलेले कापड, पहिल्या धुण्यात आटणारा पन्ना, थानाच्या बाहेरच्या घडीत दाट आणि आत विरळ पीक. म्हणून आमचे म्हणणे असे की तिसऱ्या मापावर सौदा करू नका असे नाही, करा, पण विकणाऱ्याने ते लिहून द्यावे. 'माझ्या हमीइतकी माहिती मावली नाही तर वरची चिप मी पदरची घालीन' असे कागदावर असावे. या कंपनीने पुढे आपल्या करारांत अशी क्षमतेची हमी द्यायला सुरुवात केली आणि आमच्या मते ते चांगले केले. ज्याने ताणून मोजले त्यानेच घट भरून द्यावी, हा न्याय आहे.

विकल्यानंतर काय

आता या कंपनीची सर्वांत मोठी गोष्ट. या धंद्याची जुनी रीत अशी होती. पेटी विकायची, तीन वर्षे देखभाल स्वस्तात द्यायची, आणि चौथ्या वर्षी देखभालीचा भाव इतका वाढवायचा की गिऱ्हाइकाने कंटाळून नवी पेटी घ्यावी. नवी पेटी आली की ज्या जागेचे पैसे एकदा दिले तिचेच पैसे पुन्हा द्यायचे. माहिती एका पेटीतून दुसरीत हलवायला सुट्ट्यांचे दिवस आणि रात्री जात, काम बंद ठेवावे लागे. जुनी पेटी उचलायला अवजड सामानाची गाडी लागे, म्हणून त्या लोकांनी या प्रकाराला 'फोर्कलिफ्ट अपग्रेड' असे नाव दिले होते.

प्युअरने २०१५ मध्ये 'एव्हरग्रीन' नावाचा करार पुढे केला. देखभालीचा भाव वर्षे उलटली म्हणून वाढणार नाही. करार चालू ठेवला तर ठराविक मुदतीने पेटीचा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, नवा बसवून मिळेल. हे काम पेटी चालू असताना होईल. आणि ज्या जागेचे पैसे दिले ती पुन्हा विकत घ्यावी लागणार नाही. मागाची चौकट तीच, पण मोटार आणि भाग वेळेवर बदलत राहायचे, कापड न थांबवता, असा हा प्रकार. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनाही तशाच हमी द्याव्या लागल्या.

आमच्या मते ही कंपनी टिकली ती चिपच्या वेगाने नाही. वेग व्हायोलिनकडेही होता. ती टिकली कारण तिने विकल्यानंतरचा वायदा बदलला. गिऱ्हाइकाला चौथ्या वर्षी कोंडीत धरण्याऐवजी चौथ्या वर्षी त्याच्याकडे नवा भाग घेऊन जाणे, यात तिने नफा पाहिला.

दुसरी बाजूही पाहावी

तरी कोणी आमचे बोलणे कौतुक समजू नये. चार गोष्टी सांगणे जरूर आहे.

एक, हा वायदा फुकट नाही. 'कधी जुने न होणारे' हे तोपर्यंतच, जोपर्यंत तुम्ही दरवर्षी पैसे भरता. पैसे बंद केले की पेटी इतरांसारखीच जुनी होऊ लागते. विकत घेतले की भाड्याने घेतले, हा भेद अशा करारात पुसट होतो. नंतर तर या कंपनीने वापराप्रमाणे पैसे घेण्याचीही पद्धत आणली. ज्याला दर महिन्याची रक्कम ठरलेली हवी त्याला ते सोयीचे आहे. ज्याचा धंदा हंगामी आहे, ईद-दिवाळीला कमाई आणि पावसाळ्यात मंदी, त्याने अशा सतत चालणाऱ्या देण्याचा विचार दोनदा करावा.

दोन, ही कंपनी अनेक वर्षे तोट्यात होती. जानेवारी २०१५ ला संपलेल्या वर्षात तिची विक्री १७ कोटी ४५ लाख डॉलर होती आणि तोटा १८ कोटी ३२ लाख डॉलर. म्हणजे विक्रीपेक्षा तोटा मोठा. त्याच ऑक्टोबरमध्ये तिने १७ डॉलरला एक शेअर विकून बाजारातून ४२ कोटी ५० लाख डॉलर उभे केले. पूर्ण वर्षाचा पहिला नफा दिसला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात. विक्री सुमारे २७५ कोटी डॉलर, आणि नफा सुमारे ७ कोटी ३० लाख. इतकी वर्षे दुसऱ्याच्या पैशावर तोटा सोसणे त्यांना शक्य होते. आपल्या पोरांनी त्यांचा वायदा शिकावा, त्यांचा तोटा शिकू नये.

तीन, भांडण. या बाजारातली तेव्हाची सर्वांत बलाढ्य कंपनी ईएमसी. तिने २०१३ मध्ये प्युअरवर दावे लावले. आरोप होता की आमची माणसे तुमच्याकडे गेली आणि जाताना आमची गुपिते घेऊन गेली. पेटंटचाही झगडा होता. मार्च २०१६ मध्ये एका पेटंटबाबत ज्युरीने ईएमसीच्या बाजूने १ कोटी ४० लाख डॉलर ठरवले, पण न्यायाधीशांनी त्यावर पुन्हा सुनावणीचा आदेश दिला. शेवटी त्याच वर्षी प्युअरने ३ कोटी डॉलर देऊन सगळे प्रकरण मिटवले. कारागीर फुटला, नक्षी घेऊन गेला, पार्ट्या तोडल्या, ही भांडणे आपल्या पेठेत नेहमीची आहेत. फरक इतकाच की त्यांच्याकडे नोकरीवर ठेवतानाच काय कोणाचे हे लिहिलेले असते. आपण सगळे तोंडी ठेवतो आणि मग आयुष्यभर एकमेकांना सलाम करत नाही.

चार, फ्लॅश अमर नाही. आपल्यातले पुष्कळ जण हिसाब पेन ड्राइव्हवर घेऊन तिजोरीत टाकतात आणि निश्चिंत होतात. पेन ड्राइव्हमध्ये सहसा स्वस्तातली चिप असते. वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू कमी होतो. मोठी पेटी सुरक्षित असते कारण तिच्यातले सॉफ्टवेअर सतत तपासत आणि नव्याने लिहीत असते. तिजोरीतल्या पेन ड्राइव्हला तपासणारे कोणी नाही.

आपण काय करावे

ही लाखो डॉलरची पेटी आपल्यापैकी कोणी दुकानात आणणार नाही, आणणे जरूरही नाही. पण आपली माहिती आज कुठे ना कुठे अशाच पेट्यांत आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की पैशाच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. तेव्हा फोनवरून जे पैसे आपण पाठवतो-घेतो त्याची नोंद याच देशातल्या कुठल्या तरी इमारतीत आहे. आपल्या हिसाबाचे सॉफ्टवेअर 'क्लाउड'वर असेल तर तोही ढग नव्हे, दुसऱ्याची पेटीच आहे.

म्हणून आमच्या तीन सूचना.

पहिली सूचना घेणारे म्हणून. साठवण विकायला कोणी आले, मग तो साधा संगणकवाला असो की महिन्याला पैसे घेणारा क्लाउडवाला, त्याला तीन प्रश्न विचारा. माप कोणते सांगतोस? चौथ्या वर्षी भाव काय? आणि तुझे-माझे पटले नाही तर माझी माहिती मला कोणत्या रूपात, किती दिवसांत परत देशील? उत्तर कागदावर घ्या. उत्तर देताना जो हसून विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी सूचना आपल्या हिसाबाविषयी. तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि त्यातली एक दुकानाच्या बाहेर, घरी किंवा भावाकडे ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत आहे असे धरू नये. आमची 'डी' मधली प्रत आम्ही एकदाही उघडली नव्हती.

तिसरी सूचना विकणारे म्हणून, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी. थानावर पन्ना लिहा तो धुतल्यानंतरचा लिहा. वजन लिहा ते खळ काढल्यानंतरचे लिहा. रंगाची हमी द्यायची तर किती धुण्यांची ते सांगा, आणि रंग गेला तर काय करणार तेही सांगा. शिलाई यंत्र, माग, पंप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या बांधवांनी चौथ्या वर्षाचा भाव पहिल्याच दिवशी सांगावा. कोणी म्हणेल, असे केले तर शेजारचा ताणून मोजणारा आपले गिऱ्हाईक नेईल. नेईल, काही दिवस नेईल. आम्हीही अशी गिऱ्हाइके गमावली आहेत. पण धुतल्यावर कापड आटले की ते गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याकडे जात नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

गिऱ्हाइकाचा पैसा, त्याचा भरवसा आणि आता त्याची माहिती, या तिन्ही आपल्याकडे अमानत आहेत. त्या तालुक्याच्या शिंप्याने कुठल्या कंपनीचा करार वाचला नव्हता. त्याच्याकडे एक छोटी वही होती, आणि त्याच्या वहीतले माप आमच्यासाठी वेगळे आणि त्याच्यासाठी वेगळे नव्हते. चौदा हजार दोनशे म्हणजे चौदा हजार दोनशे. आम्ही त्याचे खाते नव्या हिसाबात सर्वांत आधी उघडले. तो आजही आमच्याकडूनच अस्तराचे कापड नेतो.